ब्रह्मदेशातील वांशिक संबंध : वंश, धम्म आणि नागरिकत्व

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना त्रिशरण व पंचशील देणारे महास्थविर ऊ चंद्रमणी हे मूळचे ब्रह्मदेशाचे. १८७६ साली अराकान प्रांतातील अक्याब येथे त्यांचा जन्म झाला आणि पुढे त्यांनी आपले आयुष्य कुशीनगरच्या सेवेत वेचले. ही गोष्ट आमच्या बहुतेक वाचकांना ठाऊक आहे. परंतु ज्या अराकानने आपल्याला दीक्षागुरू दिला, त्याच अराकानातून २५ ऑगस्ट २०१७ नंतरच्या काही महिन्यांत सात लाखांहून अधिक रोहिंग्या मुस्लिम स्त्री-पुरुष व मुले लष्कराच्या अत्याचारांमुळे बांगलादेशात पळून गेली. या दोन्ही घटना एकाच भूमीशी निगडित आहेत, याचा विचार मात्र आपण क्वचितच करतो.

ज्या देशात घराघरात पंचशीलाचे पठण होते, त्या देशात असे का घडावे? हा प्रश्न आमच्या टीकाकारांकडून अनेकदा विचारला जातो, आणि त्याला उत्तर म्हणून आपण एक तर मौन पाळतो किंवा सारा दोष इंग्रजांच्या माथी मारून मोकळे होतो. ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. ब्रह्मदेशाच्या वांशिक संबंधांचा इतिहास नीट समजून घेतल्याशिवाय या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर देता येणार नाही. तो इतिहास संक्षेपाने वाचकांपुढे ठेवावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

राजांचा काळ

आज म्यानमार या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या देशात ब्रह्मी अथवा बमार लोकांची संख्या सुमारे दोन तृतीयांश आहे. त्यांच्याखेरीज शान, करेन, काचिन, चिन, मोन, कयाह, अराकानी अथवा रखाइन असे अनेक जनसमूह तेथे राहतात. इरावतीच्या खोऱ्यात ब्रह्मी व मोन, पूर्वेच्या पठारावर शान, उत्तरेच्या व पश्चिमेच्या डोंगरांत काचिन व चिन, तर सागरकिनाऱ्यावर अराकानी, अशी त्यांची स्थूलमानाने वस्ती आहे.

इंग्रजांच्या आधी येथे सर्वत्र सलोखा नांदत होता, असे समजणे चुकीचे ठरेल. मोन लोकांकडून ब्रह्मी लोकांनी थेरवादाची परंपरा घेतली, लिपीही घेतली असे मानले जाते. तरीही १७५७ साली अलौंगपया राजाने मोनांची राजधानी पेगू उद्ध्वस्त केली. दोन्ही बाजू बौद्धच होत्या. अराकानचे राज्यही बौद्धच होते. म्रौक-ऊ येथील त्या राजांच्या दरबारात बंगालच्या मुस्लिम संस्कृतीचा वावर होता. काही राजांनी मुस्लिम बिरुदे धारण केली होती आणि त्यांच्या नाण्यांवर फारसी अक्षरे कोरलेली आढळतात. १७८४-८५ मध्ये ब्रह्मी राजा बोदौपया याने हे राज्य जिंकले आणि अराकानी लोकांना प्राणाहून प्रिय असलेली महामुनी बुद्धमूर्ती आपल्या राजधानीकडे नेली. ती आजही मंडालेत आहे. अराकानी बौद्धांच्या मनातील ब्रह्मी सत्तेविषयीचा सल तेव्हापासूनचा आहे.

मात्र या काळातील एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. राजाला प्रजा हवी होती, कर हवा होता आणि सैन्य हवे होते. प्रजेचा वंश कोणता, याची नोंद ठेवण्याची त्याला गरज नव्हती. मोन कुटुंब दोन-तीन पिढ्यांत ब्रह्मी भाषा बोलू लागले की ते ब्रह्मी होत असे. माणूस भाषा बदलू शकत होता, वस्ती बदलू शकत होता आणि त्यासोबत ओळखही बदलू शकत होता. जुलूम होता, पण वंशाची भिंत अजून पक्की झालेली नव्हती.

इंग्रजी अमदानी

१८२४-२६, १८५२ आणि १८८५ अशा तीन युद्धांत इंग्रजांनी ब्रह्मदेश गिळंकृत केला. पहिल्या युद्धानंतर अराकान व तेनासरीम त्यांच्या ताब्यात गेले. शेवटच्या युद्धात थिबा राजा पदच्युत झाला. त्याला आपल्या रत्नागिरीस बंदिवासात ठेवण्यात आले व डिसेंबर १९१६ मध्ये तेथेच त्याचा अंत झाला. त्याचा राजवाडा आणि समाधी रत्नागिरीत आजही आहेत. त्याची थोरली कन्या रत्नागिरीतच राहिली आणि तिचा वंश तेथील मराठी समाजात मिसळून गेला. राजवंश परक्या मातीत मिसळला; पण त्याच काळात त्याच्या मायदेशात माणसे एकमेकांपासून अलग केली जात होती.

इंग्रजांनी देशाचे दोन भाग केले. मध्यवर्ती सखल प्रदेशावर थेट राज्यकारभार, आणि शान, काचिन, चिन इत्यादींच्या सीमाप्रदेशावर त्यांच्या सरदारांमार्फत वेगळी व्यवस्था. सैन्यात करेन, काचिन व चिन यांची भरती होई. ब्रह्मी तरुणांना बव्हंशी दूर ठेवले जाई. १८१३ साली रंगूनला आलेल्या अमेरिकन मिशनरी जडसन यांच्यापासून बाप्टिस्ट प्रचार सुरू झाला. करेन, काचिन व चिन समाजांत ख्रिस्ती धर्म रुजला आणि त्यासोबत शाळा, लिखित भाषा व नवे नेतृत्व आले. करेनांतील बहुसंख्य लोक बौद्धच राहिले, पण पुढारपण मुख्यतः ख्रिस्ती सुशिक्षितांकडे गेले. जनगणनेने भाषेवरून माणसांचे वर्ग पाडले. जे प्रवाही होते ते कागदावर गोठले.

ब्रह्मदेश १ एप्रिल १९३७ पर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानचाच एक भाग होता. त्यामुळे आंध्र, तमिळनाडू, बंगाल, ओरिसा येथून मजूर, कारकून व व्यापारी मोठ्या संख्येने तेथे गेले. १९३१ च्या जनगणनेत हिंदी लोकांची संख्या दहा लाखांवर होती आणि रंगून शहरात निम्म्याहून अधिक वस्ती त्यांचीच होती. दक्षिणेतील चेट्टियार सावकार भातशेतीला कर्ज देत. १९३० च्या जागतिक मंदीत भाताचे भाव कोसळले, कर्जे थकली आणि जमिनी सावकारांकडे गेल्या. खालच्या ब्रह्मदेशातील भातपिकाच्या प्रमुख जिल्ह्यांत १९३० साली चेट्टियारांकडे सुमारे ६ टक्के जमीन होती. ती १९३७ च्या सुमारास २५ टक्क्यांवर गेली.

याचे परिणाम व्हायचे तेच झाले. मे १९३० मध्ये रंगूनच्या गोदीत तेलुगू मजूर व ब्रह्मी मजूर यांच्यात भीषण दंगल झाली. तेलुगू मजुरांचा संप मोडण्यासाठी मालकांनी ब्रह्मी मजूर लावले आणि संप मिटताच त्यांना काढून टाकले, हे तिचे कारण. म्हणजे भांडण होते मजुरीचे, पण रक्त सांडले वंशाच्या नावाने. १९३८ साली एका पुस्तकातील मजकुराचे निमित्त होऊन मुस्लिमविरोधी दंगली उसळल्या. सावकार हिंदू, मजूर हिंदू-मुस्लिम. पण रोष मुस्लिमांवर, कारण ब्रह्मी स्त्रियांशी विवाह करून ते तेथे स्थायिक झाले होते. जो सर्वांत अधिक मिसळला, त्याचेच भय सर्वांत अधिक वाटले, हा या इतिहासातील विपर्यास होय.

ब्रह्मदेशात दीर्घकाळ सनदी अधिकारी असलेले जे. एस. फर्निव्हल यांनी या समाजरचनेचे विश्लेषण केले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, येथे अनेक समूह शेजारी राहतात, परंतु त्यांची भेट होते ती केवळ बाजारात, विकताना आणि विकत घेताना. समान सामाजिक इच्छाशक्ती त्यांच्यात निर्माणच होत नाही. हे वाचताना आम्हाला आपले गाव आठवते. गावकुसाच्या आत आणि बाहेर राहणारेही बाजारातच भेटत होते. एकत्र वस्ती म्हणजे एकत्र समाज नव्हे, हे बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेच्या संदर्भात दाखवून दिलेच आहे.

पांगलाँग : एक शक्यता

दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, जपानने ब्रह्मदेश घेतला. चार-पाच लाख हिंदी लोक भारताकडे निघाले. त्यांतील असंख्य लोकांनी डोंगरदऱ्यांतून पायी वाट काढली आणि हजारो वाटेतच मेले. त्याच वर्षी जपानच्या साहाय्याने उभ्या राहिलेल्या ब्रह्मी फौजेने इरावतीच्या मुखाकडील म्यौंगम्या भागात करेन वस्त्यांवर हल्ले केले, तर अराकानात बौद्ध व मुस्लिम यांच्यात कत्तली होऊन दोन्ही समाज उत्तर-दक्षिण असे विभागले गेले. या जखमा घेऊनच देश स्वातंत्र्याकडे निघाला.

अशा वेळी जनरल आंग सान यांनी वेगळा मार्ग धरला. १२ फेब्रुवारी १९४७ रोजी शान राज्यातील पांगलाँग येथे त्यांनी शान, काचिन व चिन प्रतिनिधींशी करार केला. सीमाप्रदेशांना अंतर्गत कारभारात स्वायत्तता आणि लोकशाही देशातील सर्व हक्क मिळतील, असे त्यात मान्य करण्यात आले. करेनांचे प्रतिनिधी केवळ निरीक्षक म्हणून उपस्थित होते, अराकानी व मोन यांना तर स्थानच नव्हते. तरीही परस्परांच्या संमतीने देश घडवण्याचा तो खराखुरा प्रयत्न होता.

१९ जुलै १९४७ रोजी आंग सान यांची त्यांच्या सहकाऱ्यांसह हत्या झाली. त्या दिवशी गोळ्यांना बळी पडलेल्यांची नावे लक्षपूर्वक वाचावीत. त्यांत मंडालेतील राष्ट्रीय शाळेचे मुख्याध्यापक राहिलेले मुस्लिम नेते अब्दुल रझाक होते, करेन नेते मान बा खाइंग होते, आणि शान सरदार साओ सान तुन होते. ब्रह्मी, मुस्लिम, करेन व शान यांचे रक्त एकाच खोलीत सांडले. त्या मंत्रिमंडळाकडे पाहिले म्हणजे कोणता ब्रह्मदेश घडू शकला असता, याची कल्पना येते.

१९४७ च्या घटनेने शान व कयाह (तेव्हाचे करेन्नी) राज्यांना दहा वर्षांनंतर फुटून निघण्याचा अधिकार दिला. बौद्ध धर्माचे बहुसंख्यांचा धर्म म्हणून विशेष स्थान मान्य केले. परंतु त्यासोबत इस्लाम, ख्रिस्ती, हिंदू व निसर्गपूजक धर्मांचीही नोंद घेतली आणि राजकीय हेतूंसाठी धर्माचा गैरवापर निषिद्ध ठरविला. ४ जानेवारी १९४८ रोजी देश स्वतंत्र झाला. पुढच्याच वर्षी करेनांचा सशस्त्र लढा सुरू झाला.

राज्याचा धर्म

पंतप्रधान ऊ नू हे श्रद्धावान बौद्ध होते. १९५४ ते १९५६ या काळात रंगूनला सहावी धम्मसंगीती भरली. डिसेंबर १९५४ मध्ये जागतिक बौद्ध परिषदेच्या तिसऱ्या अधिवेशनासाठी बाबासाहेब रंगूनला गेले होते आणि भारतातील धम्मप्रसारासंबंधी त्यांनी तेथील बुद्धशासन समितीला निवेदन दिले होते. त्या काळच्या ब्रह्मदेशाचे बौद्ध जगतावर मोठे ऋण आहे, हे कृतज्ञतापूर्वक नमूद केले पाहिजे.

परंतु संगीती भरविणे ही एक गोष्ट, आणि धर्माला राज्याची मुद्रा लावणे ही दुसरी. ऑगस्ट १९६१ मध्ये ऊ नू यांच्या सरकारने घटनादुरुस्ती करून बौद्ध धर्म हा राज्याचा धर्म ठरविला. त्यानंतर अन्य धर्मीयांच्या संरक्षणासाठी केलेल्या दुरुस्तीलाही काही भिक्खूंनी विरोध केला. ख्रिस्ती काचिन व चिन यांना हा पांगलाँगचा विश्वासघात वाटला. काचिनांची सेना त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत उभी राहिली होती. आता तिच्या मागे लोक उभे राहिले. २ मार्च १९६२ रोजी, संघराज्याच्या मागणीवर रंगूनला चर्चा चालू असतानाच, जनरल ने विन यांनी सत्ता बळकावली. देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष, शान नेते साओ श्वे थाइक हे अटकेत असतानाच त्याच वर्षी मरण पावले.

येथे बाबासाहेबांनी केलेला एक भेद आठवणे अगत्याचे आहे. राजकीय बहुमत आणि जातीय अथवा धार्मिक बहुमत या दोन भिन्न वस्तू आहेत, असे ते सांगत. राजकीय बहुमत घडते, मोडते, पुन्हा घडते. त्यात कोणालाही प्रवेश असतो. जातीय बहुमत मात्र जन्माने ठरते. त्याचे दार बाहेरच्याला बंद असते आणि ते कधी बदलत नाही. १९६१ साली ब्रह्मदेशात नेमके हेच घडले. ज्याला कोणीही शरण जाऊ शकतो तो धम्म, जन्माने ठरलेल्या बहुसंख्येची खूण बनला. ब्रह्मी भाषेत ‘अम्यो, बाथा, ताथना’ म्हणजे वंश, भाषा-धर्म आणि शासन, अशी त्रिसूत्री वसाहतकाळापासून रूढ आहे. त्या त्रिसूत्रीत वंश पहिला आणि बुद्धशासन शेवटचे, हा क्रमच पुष्कळ सांगून जातो.

वंशावर आधारलेले नागरिकत्व

ने विन यांच्या राजवटीत दुकाने व व्यापार सरकारजमा झाला आणि सुमारे तीन लाख हिंदी लोकांना देश सोडावा लागला. त्यानंतर १९८२ चा नागरिकत्व कायदा आला. या कायद्याने नागरिकांचे पूर्ण, सहयोगी आणि स्वीकृत असे तीन वर्ग केले. पूर्ण नागरिकत्वाचा आधार म्हणजे १८२३ पूर्वीपासून देशात वसलेल्या वंशांत जन्म. १८२३ हे पहिल्या इंग्रजी युद्धाच्या आधीचे वर्ष. पुढे सरकारने अशा वंशांची संख्या १३५ असल्याचे जाहीर केले. त्या यादीत रोहिंग्या नाहीत.

अराकानात मुस्लिमांची वस्ती इंग्रजी काळात बंगालमधून आलेल्या लोकांमुळे वाढली, हे खरे. पण १७९९ साली, म्हणजे इंग्रजी सत्तेच्या पूर्वी, फ्रान्सिस ब्युकॅनन याने अराकानातील मुस्लिम स्वतःला ‘रूइंगा’ म्हणवतात अशी नोंद केली, हेही तितकेच खरे. ऊ नू यांच्या काळात सरकारी नभोवाणीवरून रोहिंग्या भाषेत कार्यक्रम होत असत. आमच्या मते मुख्य प्रश्न याहून निराळा आहे. एखाद्याच्या पणजोबाचे पणजोबा कोठे होते, यावरून आज जन्मलेल्या बालकाचे अधिकार ठरावेत काय? जन्मावरून माणसाची पायरी ठरविणारी व्यवस्था आपण चांगली ओळखतो. तिला वंशाची यादी म्हटल्याने तिचा स्वभाव बदलत नाही.

१९७८ साली सुमारे दोन लाख, १९९१-९२ मध्ये सुमारे अडीच लाख रोहिंग्या बांगलादेशात पळाले. त्यांतील बऱ्याच जणांना परत आणले गेले, पण नागरिकत्व मिळाले नाही. २०१४ च्या जनगणनेत त्यांना रोहिंग्या म्हणून नोंदवून घेण्यास नकार देण्यात आला आणि रखाइन राज्यातील सुमारे १० लाख ९० हजार माणसे मोजलीच गेली नाहीत. २०१७ ची हकालपट्टी ही या वाटेवरची पुढची पायरी होती.

या व्यवस्थेत बौद्धांनाही सुख लाभले नाही. शान बौद्ध आहेत, मोन बौद्ध आहेत, अराकानी बौद्ध आहेत. या सर्वांना ब्रह्मी लष्कराविरुद्ध शस्त्र धरावे लागले. करेनांच्या सेनेतील बौद्ध सैनिक ख्रिस्ती नेतृत्वावर नाराज होऊन डिसेंबर १९९४ मध्ये फुटले, तेव्हा त्या फुटीचा लाभ लष्कराने उठविला आणि जानेवारी १९९५ मध्ये करेनांचे मुख्य ठाणे मानेरप्लॉ घेतले. धर्माचे नाव होते, लाभ सत्तेचा झाला.

भिक्खुसंघाची दोन रूपे

सप्टेंबर २००७ मध्ये हजारो भिक्खू मैत्रीचे सूत्र म्हणत रस्त्यावर आले. लष्करशहांचे दान नाकारण्यासाठी त्यांनी विनयातील पत्तनिक्कुज्जन कर्माचा आधार घेतला आणि भिक्षापात्र उपडे केले. शस्त्राविना सत्तेला नाकारण्याचा याहून उदात्त मार्ग कोणता असू शकेल?

पण काही वर्षांतच दुसरे रूप दिसले. ‘९६९’ या अंकांच्या चळवळीने मुस्लिमांच्या दुकानांवर बहिष्काराचा प्रचार केला. हे अंक कोठून आले, हे प्रत्येक उपासकाने जाणून घ्यावे. बुद्धाचे नऊ, धम्माचे सहा आणि संघाचे नऊ गुण, म्हणजे आपण विहारात दररोज जी त्रिरत्न वंदना म्हणतो, तिच्यातील गुण ते हेच. त्या सहा धम्मगुणांत ‘एहिपस्सिको’ हा एक गुण आहे. धम्म प्रत्येकाला ‘ये आणि पाहा’ असे म्हणतो. ज्या गुणांनी सर्वांना बोलवावे, त्यांचीच चिकटपट्टी शेजाऱ्याला वाळीत टाकण्यासाठी दुकानांच्या दारांवर लागली. २०१५ साली वंश व धर्म यांच्या रक्षणाच्या नावाने चार कायदे झाले. बौद्ध स्त्रीच्या आंतरधर्मीय विवाहावर नियंत्रण घालणारा कायदा त्यांतलाच. वंशशुद्धीसाठी स्त्रीवर पहारा बसविणे हे जातिसंस्थेचे मूळ आहे, हे बाबासाहेबांनी १९१६ सालच्या आपल्या निबंधातच दाखविले होते.

तरीही संघाचे पहिले रूप मावळले नाही. मार्च २०१३ मध्ये मैक्तिला शहरात दंगल उसळली, तेव्हा भिक्खू ऊ वित्थुदा यांनी आपल्या विहारात शेकडो मुस्लिमांना आश्रय दिला आणि चाल करून आलेल्या जमावाला दारातच अडविले. एकाच परंपरेतून दोन्ही आले. म्हणून दोष चीवराचा नव्हे, आणि चीवर हे निर्दोषपणाचे प्रमाणपत्रही नव्हे.

आपण काय घ्यावे?

१ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने पुन्हा सत्ता हस्तगत केली आणि या वेळी ब्रह्मी तरुणांनाही बंदुका, तुरुंग आणि जळती गावे पाहावी लागली. त्यांतील अनेकांनी रोहिंग्यांची उघडपणे क्षमा मागितली. जून २०२१ मध्ये लष्कराविरोधी राष्ट्रीय एकता सरकारने १९८२ चा कायदा रद्द करण्याचे आश्वासन दिले. बहुसंख्य समाजाला दुसऱ्याचे दुःख स्वतःवर बेतल्यावर कळले. ते उशिरा कळले, पण कळले. यात आम्हाला आशा दिसते; मात्र २०२४ मध्ये अराकानी सेनेने रखाइन राज्याचा बहुतेक भाग जिंकल्यानंतरही रोहिंग्यांची ससेहोलपट थांबली नाही, हेही विसरून चालणार नाही. पीडितांच्या हाती सत्ता आली म्हणजे न्याय आपोआप येतो, असे नाही.

इंग्रजांनी भिंती बांधल्या हे खरे. पण त्या पाडण्याऐवजी स्वतंत्र देशाच्या शासकांनी त्यांवर धम्माचा ध्वज लावला, हा या इतिहासाचा निष्कर्ष आहे. वासेट्ठ सुत्तात भगवंतांनी वनस्पती व पशुपक्षी यांच्यात जातिभेद दाखविले आणि माणसामाणसांत तसा भेद नाही असे सांगितले. महानद्या समुद्राला मिळाल्यावर आपली नावे मागे सोडतात, हा दृष्टान्तही संघासाठीच दिलेला आहे. ज्या दिवशी समुद्रच आपल्याला एका नदीचे नाव लावून घेतो, त्या दिवशी तो समुद्र राहत नाही.

आपण जन्माने लादलेली ओळख टाकण्यासाठी धम्म स्वीकारला. म्हणून ब्रह्मदेशातील अन्यायाकडे ‘आपल्या धर्मबांधवांचा प्रश्न’ म्हणून डोळेझाक करण्याचा अधिकार इतर कोणाला असेल तर असो, आपल्याला नाही. आपला दीक्षागुरू अराकानचा होता. त्या ऋणाची फेड मौनाने होणार नाही. अराकानात घर गमावलेल्या बौद्धालाही आणि मुस्लिमालाही आपण समान करुणेने पाहू शकलो, आणि आपल्याच वस्तीत जन्मावरून कोणाला परके ठरविताना आपली जीभ अडखळली, तर हा इतिहास वाचल्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.